वडीलधाऱ्यांचा उपवास : मोडायचा की बदलायचा?



प्रायश्चित्तकाळातील एका रविवारची गोष्ट. सकाळची साडेसहाची मिस्सा चालू होती. प्रवचन संपवून आम्ही श्रद्धाप्रकटनासाठी उभे राहतो, तोच तिसऱ्या बाकावरच्या एक आजी बाजूला कलंडल्या. वय वर्षे ८१. कपाळावर घाम, हात थरथरणारे, बोलणे असंबद्ध. सून हाका मारत होती, पण आजींना ओळख पटत नव्हती. सुदैवाने गायनवृंदात एक परिचारिका होती. तिने धावत येऊन विचारले, "आजींना डायबेटिस आहे का? गोळी घेतली का? काही खाल्लं का?" गोळी एक घोट पाण्याबरोबर घेतलेली होती. खाल्ले मात्र काहीच नव्हते. आदल्या रात्री आठला घोटभर पेज घेतली होती, तेवढेच.

साक्रिस्तीत नेऊन त्यांना साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. मिस्सा संपल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "फादर, मी साखर खाल्ली. आता मला कम्युनियन मिळणार नाही का?"

नंतर मुलगा आणि सून कचेरीत आले. मुलगा रागावलेला होता. म्हणाला, "फादर, आता तुम्हीच अल्तारावरून सांगा. घरी आमचं कोण ऐकतं? चाळीस दिवस अंडं नाही, दूध नाही. बुधवारी आणि शुक्रवारी एकच वेळ जेवण." सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ताट पुढे केलं की आई म्हणतात, माझं पाप तू घेणार आहेस का?"

(घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. पण अशी घरे एक-दोन नाहीत, हे आपण सारे जाणतो.)

"अल्तारावरून सांगा" ही त्यांची विनंती रास्त आहे, म्हणून हा पाठ लिहीत आहोत. मात्र जे सांगायचे ते केवळ आजींना सांगून भागणार नाही. त्यांच्या मुलांना, सुनांना, लेकींनाही काही सांगायचे आहे. आणि त्याआधी आमची स्वतःची एक चूक कबूल करायची आहे.

१. नियम बरोबर, तरी चूक

आम्हांला गुरुदीक्षा मिळून दोन वर्षे झाली होती. प्रायश्चित्तकाळात एक दिवस घरी गेलो. आईने आमच्यासाठी रवसाचे कालवण केले होते आणि स्वतः भाकरीबरोबर कांदा घेऊन बसली होती. बुधवार होता. आई सत्तरीकडे झुकलेली, रक्त कमी, चालताना धाप लागायची. सेमिनरीत शिकलेले सारे आमच्या जिभेवर ताजे होते. आम्ही तिला धर्मसंहितेतील कलमे समजावून सांगितली. म्हणालो, "आई, तुझं वय झालं. तुला आता उपवासाचं बंधन नाही. आणि बुधवारी तर कुणालाच नाही."

आई काही बोलली नाही. पण त्यानंतर आम्ही घरी गेलो की ती आमच्याबरोबर जेवायला बसेना. "तुम्ही जेवून घ्या, फादर, मला काम आहे," असे म्हणून स्वयंपाकघरात जाई. उपवास चालूच राहिला, फक्त तो आमच्यापासून लपवला जाऊ लागला.

काही वर्षांनी बहिणीकडून कळले की तो बुधवार हा नवस होता. आम्ही सेमिनरीत गेलो त्या दिवशी, मुलगा वाटेत परत फिरू नये म्हणून, आईने बुधवारी मासळी सोडली होती. मासळीवाचून घास न उतरणाऱ्या आमच्या घरात ही गोष्ट लहान नव्हती. ज्या उपवासाच्या आधारावर आम्ही धर्मगुरू झालो, त्याच उपवासावर आम्ही धर्मगुरू होऊन प्रवचन दिले होते! नियम आम्ही बरोबर सांगितला होता, पण "हे तू का करतेस?" हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

"तुला आता बंधन नाही" हे वाक्य आपल्या दृष्टीने सुटकेचे आहे. वृद्ध माणसाच्या कानाला ते वेगळे लागते. शेतातले काम सुटले, स्वयंपाक सुटला, घराच्या किल्ल्या गेल्या, हिशोब मुलाकडे गेला. देवाला द्यायला हातात उरला तो एक उपवास. तोही नको म्हटले, की "आता तुझी गरजच नाही" असे त्यांना ऐकू येते. म्हणून ते उपवासाला घट्ट धरून बसतात. आपल्याला तो हट्ट वाटतो, पण अनेकदा ती त्यांची शेवटची देणगी असते.

२. ख्रिस्तसभा नेमके काय सांगते?

तरीही नियम माहीत हवेत. आजच्या वृद्धांच्या मनात जे नियम आहेत, ते त्यांनी कल्पनेने रचलेले नाहीत. त्यांच्या लहानपणी ते खरोखरच लागू होते.

कम्युनियनपूर्वीचा उपवास : या आजींचे प्रथम कम्युनियन १९५२ सालचे. त्या वेळी मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, पाणीही चालत नसे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरवले. १९५७ साली त्यांनीच मध्यरात्रीची अट काढून घन अन्नासाठी तीन तासांची मुदत घातली. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एक तासावर आणली. १९७३ साली आजारी व वृद्ध यांच्यासाठी ती पाव तासावर आली. १९८३ सालच्या धर्मसंहितेत (कलम ९१९) वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना एका तासाच्या आत काही खाल्ले असले तरी कम्युनियन घेता येते असे स्पष्ट म्हटले आहे. पाणी आणि औषध यांनी तर कोणाचाच उपवास मोडत नाही. सेवा करणाऱ्या सुनेचाही ख्रिस्तसभेने विचार केला आहे, हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

त्या दिवशी आम्ही आजींना साक्रिस्तीतच कम्युनियन दिले.

उपवास आणि मांसवर्ज्य : कलम १२५१ प्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास व मांसवर्ज्य दोन्ही आहेत. इतर शुक्रवारी मांसवर्ज्य आहे. त्याऐवजी प्रायश्चित्ताचे दुसरे प्रकार, विशेषतः परोपकाराची कृत्ये आणि भक्तिकृत्ये, ठरवण्याचा अधिकार कलम १२५३ ने प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला दिला आहे. उपवासाचा नियम वयाच्या १८ व्या वर्षापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच लागू आहे. मांसवर्ज्याचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होतो. त्याला वरची वयोमर्यादा लिहिलेली नाही, पण प्रकृतीला अपाय होत असेल तर आजारी माणसावर त्याची सक्ती नाही.

अंडे आणि दूध : पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या प्रायश्चित्तविषयक आदेशात स्पष्ट आहे की मांसवर्ज्याच्या दिवशी मांस वर्ज्य आहे, अंडी आणि दुधाचे पदार्थ नाहीत. मासळीही वर्ज्य नाही. म्हणजे आजींनी चाळीस दिवस सोडलेले अंडे आणि दूध हे गुड फ्रायडेलाही चालते. आणि म्हातारपणी स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने लागतात ती याच पदार्थांतून सहज मिळतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

उपवासात बदल : ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. कलम १२४५ प्रमाणे योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू एखाद्या व्यक्तीला उपवासाच्या बंधनातून सूट देऊ शकतो, किंवा त्याऐवजी दुसरे भक्तिकृत्य नेमून देऊ शकतो. खासगी नवसाबाबतही तसेच आहे. कलम ११९६ प्रमाणे धर्मगुरू योग्य कारणासाठी नवसातून मोकळे करू शकतो, आणि कलम ११९७ प्रमाणे नवस करणारी व्यक्ती स्वतःच त्याच्या जागी तेवढेच किंवा अधिक मोठे सत्कृत्य ठेवू शकते. तेव्हा "नवस मोडला तर देव शिक्षा करील" या भीतीत कुणी उपाशी राहण्याचे कारण नाही. कचेरीत या, दहा मिनिटे बसू.

३. संत मोनिकाची टोपली

नियम कळले, पण ते आईला कसे सांगायचे? यासाठी आपण संत ऑगस्टीन आणि त्याची आई संत मोनिका यांच्याकडे जाऊ या.

मोनिका उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावची. मुलाच्या मागोमाग ती ३८५ साली इटलीतील मिलान शहरी आली. तिच्या गावी शनिवारी उपवास करण्याची रीत होती. मिलानच्या ख्रिस्तसभेत शनिवारी उपवास नव्हता. मोनिका गोंधळात पडली. आपल्या गावची रीत पाळायची की इथली? ऑगस्टीनचा त्या वेळी बाप्तिस्मा झालेला नव्हता. पुढे बिशप झाल्यावर जानुआरियस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात तो मोकळेपणाने सांगतो की तेव्हा त्याला अशा गोष्टींत रस नव्हता. तरी तो काय करतो? "आई, कसला शनिवार घेऊन बसलीस!" असे म्हणत नाही. तो आईचा प्रश्न घेऊन मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्याकडे जातो. अँब्रोज यांचे उत्तर साधे होते. आपण रोमला गेलो की शनिवारी उपवास करतो, मिलानला असलो की करत नाही. ज्या ख्रिस्तसभेत जाल तिची रीत पाळा. ऑगस्टीनने ते आईला सांगितले आणि तिने आनंदाने मानले.

दुसरा प्रसंग ऑगस्टीनच्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या सहाव्या भागात आहे. आफ्रिकेत असताना मोनिका हुतात्म्यांच्या कबरींवर टोपलीतून खीर, भाकरी आणि द्राक्षारस नेत असे. मिलानला तिने तसेच केले तेव्हा द्वारपालाने अडवले. बिशपांनी ही प्रथा बंद केली होती, कारण तिच्या नावाखाली काही जण दारू पीत आणि तिचे मूर्तिपूजकांच्या पितृविधींशी साम्य होते. मोनिकाने वाद घातला नाही. त्यानंतर ती त्याच स्थळी प्रार्थनांनी भरलेले हृदय घेऊन जाऊ लागली, आणि टोपलीतले अन्न गरिबांकडे वळले.

ऑगस्टीन इथे एक मार्मिक गोष्ट नोंदवतो. ही मनाई अँब्रोजऐवजी दुसऱ्या कोणी केली असती, जिच्यावर आईचे तितके प्रेम नव्हते अशा व्यक्तीने, तर तिने ती सवय इतक्या सहज सोडली नसती असे त्याला वाटते.

यातून तीन गोष्टी शिकू या. पहिली, मुलाला स्वतःला न पटणारा प्रश्नही त्याने आईचा म्हणून गंभीरपणे घेतला. दुसरी, वृद्ध माणूस खाण्यापिण्याची रीत बदलतो ती युक्तिवादाने नव्हे, तर प्रेमाच्या आणि विश्वासाच्या माणसाच्या शब्दाने. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मोनिकाची टोपली कुणी हिसकावून घेतली नाही. ती तिच्या हाती राहिली आणि तिच्यातले अन्न गरिबाच्या घरी पोहोचले.

या पाठाचे सार हेच आहे : आईवडिलांचा उपवास मोडू नका, तो बदलायला मदत करा.

४. नकारामागे काय आहे?

"आई खात नाही" या तीन शब्दांमागे वेगवेगळी कारणे असतात. ती ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही.

भक्ती किंवा नवस : याविषयी वर सांगितले.

जुना अनुभव आणि समजुती : रात्री दही नको, केळ्याने कफ होतो, पपई उष्ण, तापात फक्त पेज. यांतल्या काहींत अनुभव असतो, काही निरुपद्रवी असतात. आई रात्री दही खात नसेल तर दुपारी द्या, त्यावर वाद कशाला? ज्याने अपाय नाही तिथे हार मानण्यात मोठेपणा आहे. ज्या दोन-तीन गोष्टींनी खरेच अपाय होतो, शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावेत.

टंचाईची आठवण : रेशनच्या रांगा आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेली ही पिढी आहे. "सगळे जेवल्याशिवाय मी जेवणार नाही", "कालची भाकरी आधी संपवते" हे अनेक आयांच्या अंगात मुरलेले आहे. अशा आईला भरलेले ताट एकटीच्या पुढे ठेवले तर तिला अपराधी वाटते. सगळे तिच्याबरोबर बसले की ती जेवते.

ओझे होण्याची भीती : रात्री उठावे लागेल, कुणाची झोपमोड होईल, म्हणून कित्येक वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. वर म्हणतात, "मला तहान लागत नाही." इथे उपदेश नको, खाटेजवळ दिवा आणि धरायला कठडा हवा.

आजार : कवळी नीट बसत नाही, गिळताना त्रास होतो, चव गेली, मन उदास आहे. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून "माझा उपवास आहे" असे सांगितले जाते. सहा महिने ते वर्षभरात वजन विसाव्या हिश्श्याने उतरले, म्हणजे ५० किलोंचे साडेसत्तेचाळीस किंवा त्याहून कमी झाले, तर तो भक्तीचा प्रश्न समजू नये. डॉक्टरांना दाखवावे.

५. मध्यम मार्ग आणि त्याची मर्यादा

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने सद्गुणाची चर्चा करताना अन्नाचेच उदाहरण घेतले आहे. एखाद्या पदार्थाचे दहा भाग जास्त होतात आणि दोन कमी पडतात, म्हणून सहा भाग सर्वांना योग्य असे नाही. मिलो नावाच्या पहिलवानाला ते कमी पडतील, आणि व्यायाम नुकताच सुरू करणाऱ्याला जास्त होतील. योग्य प्रमाण त्या त्या माणसाच्या मानाने ठरते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेच सूत्र उपवासाला लावले. वासनांना आळा घालणे, मन देवाकडे उंचावणे आणि पापांचे प्रायश्चित्त हे उपवासाचे हेतू त्यांनी सांगितले, पण शरीर टिकणारच नाही इतके अन्न कमी करणे विवेकाला धरून नाही असेही बजावले. चाळिशीत जो उपवास सद्गुण होता, तोच ८१ व्या वर्षी, मधुमेहाच्या गोळीवर, अविवेक ठरू शकतो. इथे देव बदललेला नाही, शरीर बदलले आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. आईवडील वृद्ध झाले म्हणून ते लहान मूल होत नाहीत. त्यांची बुद्धी शाबूत असेल तर त्यांच्या सदसद्विवेकाचा मान राखणे हे आपले कर्तव्य आहे. संत पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच शिकवतो : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये.

म्हणून दोन गोष्टी करू नयेत. एक, जबरदस्ती. घास तोंडात कोंबणे किंवा "नाही खाल्लंस तर मी पण जेवणार नाही" अशी धमकी देणे. दुसरी, फसवणूक. एका घरी सुनेने चांगल्या हेतूने पिठात अंडे मिसळून दिले. सासूला कळले तेव्हा तिने त्या हातचे काहीही खाणे सोडले. एक अंडे पोटात गेले आणि विश्वास कायमचा गेला. जिथे विश्वास नाही तिथे औषधही घेतले जात नाही.

मात्र स्मृतिभ्रंश झालेला असेल, किंवा जीव धोक्यात असेल, तर निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने घरच्यांनी घ्यायचा. तिथे मागे हटू नये.

६. ताटाजवळ बसून

असिसीच्या संत फ्रान्सिसची एक हकीकत त्याच्या पहिल्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एका रात्री एक बंधू उपवासाने व्याकुळ होऊन ओरडू लागला की आपण भुकेने मरत आहोत. फ्रान्सिस उठला. त्याने जेवणाची पाने मांडली, आणि त्या बंधूला एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून स्वतः त्याच्याबरोबर जेवायला बसला. उपवासाच्या बाबतीत फ्रान्सिसहून कडक कोण होता? पण भावाची लाज राखणे त्याला उपवासापेक्षा मोठे वाटले.

आम्हीही त्या आजींच्या घरी गेलो. आधी विचारले, "आजी, हा उपवास कोणासाठी?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "धाकट्यासाठी. दारू सुटावी म्हणून." मुलगा-सून शेजारीच उभे होते. त्यांनी हे प्रथमच ऐकले.

मग आम्ही त्यांना कलमे सांगितली नाहीत. म्हणालो, "आजी, तुमचा उपवास मी तुमच्याकडून काढून घेत नाही. धर्मगुरू म्हणून मी तो बदलून देतो. आता काय द्याल देवाला? तुम्हीच सांगा." त्या विचारात पडल्या. शेवटी हसून म्हणाल्या, "फादर, सकाळी उठल्या उठल्या मला घास गिळत नाही. तोच खाते. भूक नसताना, सुनेने दिलं तेवढं, कुरकुर न करता. हे चालेल का प्रायश्चित्त म्हणून?"

आमच्या सगळ्या तत्त्वज्ञानाला हे सुचले नव्हते. आज्ञापालनासारखा कठीण उपवास दुसरा नाही. वाचलेल्या दुधाअंड्याचे पैसे पूर्वी त्या दानपेटीत टाकत असत. ते तसेच चालू ठेवायला मुलाने होकार दिला. यशया संदेष्टा ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगतो तो हाच : भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. गुड फ्रायडेला आजींनी पुन्हा दिवसभर काही न खाण्याचे ठरवले. सूनबाईंनी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारले, गोळीची वेळ त्यांच्याकडून बदलून घेतली, आणि दुपारी दोघी एकत्र पेज प्यायल्या. धाकट्याची दारू अजून सुटलेली नाही. त्याच्यासाठी आता त्या घरात तीन जण प्रार्थना करतात, पूर्वी एकच करत होती.

वडीलधाऱ्यांना एक शब्द

प्रिय आजी-आजोबांनो, तुम्ही उपवासाने हे धर्मग्राम उभे ठेवले आहे, याची आम्हांला जाणीव आहे. पण तुमच्या मुलांना चौथ्या आज्ञेने तुमचा सांभाळ करायला सांगितले आहे. त्यांनी दिलेला घास तुम्ही नाकारलात, तर ती आज्ञा त्यांनी पाळायची कशी? तुम्ही खाता तेव्हा त्यांना पुण्य करण्याची संधी देता. नवस काय आहे, कोणासाठी आहे, हे निदान एका माणसाला सांगा. आणि मनात शंका असेल तर आम्हांला बोलवा. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन येतो तेव्हाही विचारू शकता.

घरच्यांसाठी काही सूचना

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी मिस्साला आणू नका. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. औषध मनाने बंद करू नका.
• घाम, थरथर, गोंधळ दिसला तर साखर कमी झाल्याची शक्यता धरा. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
• दिवसातून एक जेवण त्यांच्याबरोबर बसून करा.
• "खा" म्हणण्यापूर्वी "का नाही?" हे एकदा शांतपणे विचारा.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या आईवडिलांचा एखादा उपवास किंवा नेम कशासाठी आहे, हे आपल्याला माहीत आहे का?
२. खाण्यावरून त्यांच्याशी वाद घालताना आपल्याला त्यांची काळजी असते, की आपलेच खरे करण्याची इच्छा?
३. मार्क ७:९-१३ वाचा. देवाला अर्पण केले असे म्हणून आईवडिलांची जबाबदारी टाळणाऱ्यांना प्रभू येशू काय म्हणतो? आपण कोणत्या कारणाने ती टाळतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, पुनरुत्थानानंतर तू सरोवराच्या काठी स्वतःच्या हाताने मासळी भाजून शिष्यांना जेवायला बोलावलेस. आमच्या घरातील वृद्धांनाही प्रेमाने जेवायला बोलावण्याची शहाणीव आम्हांला दे. त्यांचा त्याग आम्ही तुच्छ मानू नये आणि त्यांचे शरीर झिजू देऊ नये. ज्यांचे आईवडील आता ताटावर नाहीत, त्या आम्हां सर्वांना त्यांच्या न सांगितलेल्या उपवासांबद्दल तुझे आभार मानायला शिकव. आमेन.

आपला,
धर्मगुरू